कोरडं वजन

नवा डायपर आधी कोरडा तोलायचा,
आकडा पेनाने त्याच्यावरच लिहायचा: अकरा.
मग ओला. वजा करायचं.
उरतं ते बाळाचं तीन तासांचं काम.

बेबी ऑफ प्रणाली, नऊशे चाळीस ग्रॅम.
सगळ्यात लहान मापही तिच्या काखेपर्यंत येतं.
मी ते नाळेखाली दुमडते,
कारण तिथून एक नळी आत जाते
आणि नळीला आपलं-परकं कळत नाही.

बापाचं वडाळ्याला इस्त्रीचं दुकान.
काल काचेपलीकडून पिशवी उघडून दाखवली:
चोवीस लंगोट, बायकोच्या जुन्या ओढण्यांचे,
घड्या अशा की कडेने बोट कापावं.
"कोळशाची इस्त्री आहे, सिस्टर.
जंतू राहील का जिवंत?"

मी नाही म्हटलं.
म्हणजे, लंगोटांना नाही म्हटलं.
सांगू लागले, मागच्या महिन्यात
तीन नंबरच्या पेटीत...
आणि थांबले.
बापाला सगळंच सांगायचं नसतं.
म्हटलं, कापड ओल धरून बसतं,
कातडी अजून कांद्याच्या पापुद्र्यासारखी,
भिजली की सोलते, सोलली की दार सताड उघडं.
तो पिशवीची गाठ बांधत राहिला, सोडत राहिला.

माझी आई डायपरला आळशी बायांचं काम म्हणते.
मी तिच्याशी वाद घालत नाही.
लग्नातल्या बांगड्या मी ड्युटीच्या पहिल्याच दिवशी उतरवल्या,
सासू आठवडाभर बोलली नव्हती.
कोपरापर्यंत पाणी घ्यायचं तर हात मोकळे हवेत,
एवढंच होतं ते.

रात्री अडीच. हात धुतले.
पोरीला पुढून मागे पुसलं, एकदाच,
तो बोळा परत वापरायचा नाही.
पिवळी पिशवी. पुन्हा हात.
बोटांची पेरं आता फाटलीत माझी,
व्हॅसलीन घरी गेल्यावर.
डायपर काट्यावर ठेवला:
तेवीस.

पावणेसहाला बाप दारात उभा,
अंगाला कोळशाचा वास, इतक्या पहाटे.
"बारा," मी म्हटलं.
त्याला कळलं नाही,
तरी त्याने ओठांत एकदा म्हणून पाहिलं.
"चांगलं आहे का?"
चांगलं आहे.

पिशवी त्याने परत नेली नाही.
माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात.
पोरीचं नाव अजून ठरलेलं नाही,
म्हणून चिकटपट्टीवर मी
एवढंच लिहिलंय:
दोन किलो झाल्यावर.