बाद गड्डी

जानेवारीत ओजसचा घसा बसला.
निफाडचा पारा रोज पेपरात,
आणि जेल रोडच्या आमच्या खोलीत हा
आवंढा गिळताना डोळे मिटून घ्यायचा.
मग माझा घसा. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध,
गोळ्या अर्ध्यावर सोडल्या.
बरं वाटलं होतं ना.

तिसऱ्या आठवड्यात
पाठीवर, दंडांवर, पोटावर थेंब उमटले,
लालसर, वर पांढरा भुसा,
ओला ब्रश कुणी माझ्यावर झटकल्यासारखे.
सासूबाई म्हणाल्या, कांजिण्या.
जाऊ म्हणाली, दुधावर मासे खाल्ले असशील.
कुंदा पगारने जेवणाच्या सुट्टीत
आपला डबा जरा तिकडे सरकवला.
जरासाच. मी पाहिलं.
पाहणं हेच तर माझं काम.

एकोणीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासते.
शाई फुटली, कड सरकली, आकडा अशक्त आला
की बोट आपोआप थांबतं.
बाजूला काढ.

कॅनडा कॉर्नरचे डॉक्टर बेदमुथा म्हणाले,
घशातला जंतू, कदाचित.
कदाचित, हे दोनदा म्हणाले.
त्याचा तोंडवळा तुमच्या कातडीशी मिळतो थोडा,
शरीर त्याला मारायला उठलं,
तो गेला, पण हात थांबेना,
आता घरच्यांनाच धरतंय.

मला हसू आलं. त्यांना कळलं नाही का ते.
म्हणजे आत माझ्यासारखीच एक बसलीय बाकावर,
खोट्याची एकच खूण पाठ करून
खऱ्या नोटांच्या गड्ड्या बाद करत.
शिफ्ट संपत नाही तिची.
तिचा सुपरवायझर कोण,
तक्रार कुठल्या खिडकीवर द्यायची?

आठवड्यातून तीनदा दिव्यांच्या कपाटात उभी राहते,
काळा चष्मा, अंगावर जवळजवळ काही नाही,
जांभळट उजेड.
कामावर अशाच उजेडाखाली नोट धरली
की लपलेले धागे पेटतात.
इथे काय पेटतं, मला दिसत नाही.
बाहेर सिस्टर मोबाइल बघत बसलेली.
यंत्र बीप करतं. झालं ताई, या.

आज चादर झटकली, खवले कमी पडले.
संध्याकाळी ओजस म्हणाला, आई, टोचतंय.
आ कर, म्हटलं. टॉर्च धरला.
लाल. नुसतं लाल.
किती वेळ बघत राहिले,
तो म्हणाला, तोंड दुखलं.

उद्या त्याला दाखवून आणेन.
गोळ्या मिळतील त्या मोजून ठेवीन फ्रिजवर,
आणि शेवटची
माझ्यासमोर गिळायला लावीन.