कोपराची जागा

मकरपुऱ्याच्या शेडचं वजन
काल संध्याकाळी एकशे बारा टन होतं.
मशीन चालू ठेवून घरी गेले.
सकाळी येऊन पाहिलं तर शहाण्णव.

सोळा टन.
कुणी चोरले नाहीत, गंजले नाहीत,
नुसते नको होते.

कर्णिकसाहेब असते तर म्हणाले असते,
"विभावरी, एक नंबर वरचा सेक्शन घाल. झोप लागते."
अलकापुरीत त्यांनी उभ्या केलेल्या इमारतींत
जागोजाग त्यांची झोप आहे,
मालकाच्या खर्चानं, बोल्ट मारून बसवलेली.

मी नुसत्या अटी घालते.
एवढ्याहून वाकायचं नाही.
दाबाखाली चुरगळायचं नाही.
वाऱ्यात डोकं हलव, पण बोटभरच.
बाकी तुझं तू बघ.
अट मोडली की दंड,
आणि दंडापायी हजारो शेडी
न बांधताच कोसळतात रात्रभर
त्या लहानशा खोलीत.
वॉचमनला काही ऐकू येत नाही.

एकदा धुक्यात पावागड उतरत होतो.
माचीवर आलो, सपाट लागलं,
चहाची टपरी दिसली. वाटलं, संपला उतार.
धुकं हललं तेव्हा कळलं
खाली अजून केवढा डोंगर शिल्लक आहे.
या गणितात असल्या माच्या पावलोपावली.
सुटायचं तर अधूनमधून मुद्दाम वर चढायचं,
चुकीच्या बाजूला,
आधी पुष्कळ, मग कमी, मग आणखी कमी,
राखेत पुरलेलं लोखंड निवत जातं तसं.
ही युक्ती भट्टीवरचीच.
पोलाद कसं वाचवायचं
तेही पोलादाकडूनच उसनं आणलेलं.

शहाण्णव टनांचा कागद घेऊन
जशुभाई पंचालांच्या यार्डात गेले.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"बेन, कागद पर तो सरस छे,"
आणि हाक मारली, "नगीन!"

नगीन राठवा, वेल्डर, छोटा उदेपूरकडचा.
त्यानं ड्रॉइंग नीट पाहिलंही नाही.
खांब आणि राफ्टर जिथं जुळतात
त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं,
दोन पोरांना दोन प्लेटा समोरासमोर धरायला लावल्या,
मध्ये फट माझी, नव्वद मिलिमीटर,
आणि होल्डर घेऊन हात आत घातला.
पंजा गेला. मनगट गेलं.
कोपर अडलं.
बोलला काहीच नाही.
हात तसाच आत ठेवून
माझ्याकडे बघत राहिला.

माझ्या अटींत वारा होता, भूकंप होता,
पाच टनी क्रेन होती,
छतावर कधी काळी चढेल तो पत्रेवालासुद्धा
चौरस मीटरला पाऊण किलोन्यूटन असा
धरलेला होता.

दुपारी यार्डाबाहेरच्या गाडीवर
सेव-उसळ खाताना त्याच्या हाताला टेप लावला,
जाड हातमोज्यासकट.
त्याला हसू आवरेना,
दुसऱ्या हातातला पाव रश्श्यात पडला.
आकडा बिलाच्या पाठीवर लिहिला.
अटींत एक ओळ वाढली.

रात्री मशीन पुन्हा धावलं.
सत्त्याण्णव टन चारशे.
म्हणजे चौदाशे किलो,
एका कोपराला आत वळता यावं म्हणून.

कर्णिकसाहेबांच्या त्या एक नंबर वरच्या सेक्शनात
अशी किती कोपरं न मोजता बसून गेली असतील?
की ती नुसती भीतीच होती?
विचारायची राहून गेली ही गोष्ट.
अकरा वर्षं शेजारच्या टेबलावर होते मी.

आत्ता मालकाच्या ऑफिसातून फोन आहे.
"काल शहाण्णव म्हणाला होतात ना?"
हो, म्हटलं.
पलीकडे कॅलक्युलेटरची बटणं वाजताहेत.
टेबलावर बिलाचा कागद,
त्यावर रश्श्याचा तांबडा ठिपका
आणि एक आकडा,
ज्याचं एकक मला
फोनवर सांगता येत नाहीये.