साक्षीदार क्रमांक चार

सोसायटीच्या गोदामात चादर ताणली,
सरकी झाडून सतरंज्या टाकल्या
आणि कोळझरीनं कोळझरीला बघितलं
एक तास अठ्ठावीस मिनिटं.

पिक्चर साधा. दिवाकर सोनपितळे नावाचा मीटर रीडर
गावात येतो, सत्तावीस घरांचे आकडे लिहितो,
अठ्ठाविसाव्या घराआधी नाहीसा होतो.
एक बाई माईक घेऊन दारोदार विचारत फिरते.
आम्ही सारे आम्हीच. खोटा फक्त दिवाकर.
त्याचा चेहरा नाही दाखवला,
दाखवली ती वही.

दिवे लागले तशी तोंडं उघडली.

"कोनं मारलं थे तं सांगतलंच नाही,"
उकंडा तडसे म्हणाला, "दीड घंटा कायले बसवलं मंग?"
"कॅमेरा हालत होता. पेऊन होता थो पोट्टा."
"मुद्दाम हलवतात," मेश्राम मास्तर, "खरं वाटावं म्हणून."
"खरं हालते काय, मास्तर?"
मास्तरांनी चष्मा पुसला.

चंपतच्या हिशेबानं बाईनं अकरा चहा घेतले,
पैसे नऊचे दिले,
हे पिक्चरमध्ये यायला पाहिजे होतं.
सरपंचीणबाईंना खड्डा खटकला.
"तीनदा दाखवला! मागून काम मंजूर झालं, थे नाही दाखवलं."

सरजा बुढी पदर डोळ्याला लावून बसलेली.
"कोनाचं तरी लेकरू असन."
"अवं मावशे, थो नोताच."
"नोता तं वही कोनाची?"

आणि पुंजारामबुवा, काठी आपटून:
"मी वळखतो त्याले. माह्या वावरात हुरडा खाल्ला त्यानं.
डावखुरा होता."
सारे हसले. पण बाहेर चपला शोधताना
दोघंतिघं बोलत होते,
डावखुराच असावा, अक्षर तसंच होतं.

माझ्याबद्दल मात्र एकमत.
शालिक सायकलवाला सगळ्यात बनावट.
"खाली काहून पाहत होता बे? पाठ नोतं काय?"
"अन् घंटीचं काय काम होतं मधात?"

बाई म्हणाली होती, मनानं बोला, काहीही चालेल.
मी पाना पुसत बोललो:
दिवाबत्तीच्या वक्ताले नहराकडे गेला थो.
घंटी नीट वाजे नाही, ठक ठक करे.
वरची वाटी पडली होती,
तिथं पावडरच्या डब्याचं टोपन बसवलं होतं.
म्हटलं, उद्या ये, नवी टाकून देतो.

कट, बाई म्हणाली.
काय सुचलं हो तुम्हाला!

गोदाम रिकामं झालं. चादर काढायला मी थांबलो.
वच्छला उभी होती, चपला हातात.
तिला कुणी विचारलं नव्हतं, पिक्चर कसा वाटला.

चौदा वर्षांआधी, तिच्या भावासाठी,
जमादार माझ्या दुकानाशी थांबला होता.
दुकान बंद होतं साहेब, मी म्हणालो.
एवढंच. चार शब्द.
त्यानं सही घेतली,
मागच्या चाकात हवा भरून घेतली,
गेला.

"बरा हाय पिक्चर," वच्छला म्हणाली.
चादरीचं दुसरं टोक तिनं उचललं.
आम्ही घडी घालत आलो,
ती एक पाऊल, मी एक पाऊल,
आणि टोकाला टोक लागलं तेव्हा
चादरीकडेच बघत तिनं विचारलं,

"टोपन गुलाबी होतं, शालिकभाऊ.
माह्याच डब्याचं.
गुलाबी काहून नाही सांगतलं?"