दाभण आणि ऑरेंज

धुळ्याहून आणलेलं पाकीट तसं सोपं:
कापा, ओता, कालवा, भाजा.
मागे मुंगीएवढ्या अक्षरांत, अंडी दोन.
आमच्या ओट्यावर अंडं चढत नाही.
भावाची आमलेटं मागच्या दारी होतात,
वेगळ्या तव्यावर, आई देवळात गेली की.

कोकिळावहिनी भिंतीवरून म्हणाल्या,
अंड्याऐवजी सोडा ओत गं,
तुमच्या घरात सोड्याला काय तोटा!

तोटा आहे, वहिनी.
पारोळ्याच्या स्टँडवर आता
प्लॅस्टिकची बाटली मिळते,
जिचं तोंड कुणीही पिरगाळावं.
आप्पांचं यंत्र वर्षभर पोत्याखाली झोपतं
आणि आखाजीच्या आदल्या दिवशी फिरतं,
गल्लीत आलेल्या लेकीबाळींपुरतं.
दोन क्रेट. एक लिंबू, एक ऑरेंज.
हिशेब नाही, पैसे नाहीत,
फक्त बाटली परत द्यायची.

मी ऑरेंजची एक उचलली.
गोळी दाबली.
तो आवाज. सासरी नाशकात कशालाच तो आवाज नाही.

पिठात सोडा पडला आणि पातेलं
पोरासारखं खिदळायला लागलं.
घाई केली, बुडबुडे मरण्याआधी
डबा कुकरमध्ये, तळाला मीठ, शिटी काढून.
बाहेर चव्वेचाळीस. पत्र्यावर ठेवला असता
तरी भाजला असता.
आई खापरावर मांडा टाकत होती,
कोपरापर्यंत पीठ, आणि
माझ्याकडे पाहून पाहत नव्हती.

चाळीस मिनिटांनी डबा उपडा केला.
आता भोकं पाडायची.
पाकिटावरच्या चित्रात काटेचमचा आहे.
आमच्याकडचे काटे तीन, तिघेही वाकडे.
मग माळ्यावरचं दाभण काढलं,
कापसाची पोती शिवायचं, जिनिंगच्या दिवसांतलं,
चुलीवर तापवून, पुसून घेतलं,
आणि टोचत गेले,
बोटभर अंतरावर, तळाला न लागता.

आप्पा खाटेवरून उठून आले.
‘हाई काय करी ऱ्हायनी? भरीत शे का?’
केक शे, आप्पा.
‘मंग टोची कसाले ऱ्हायनी?’

वांगं का टोचता, मी विचारलं.
फुटू नये म्हणून, ते म्हणाले,
आणि त्यांचा हात आपोआप
डाव्या भुवईकडे गेला.
तिथे काचेचा एक दाणा आहे,
मी दुसरीत असताना बाटली फुटली तेव्हाचा.
डॉक्टर म्हणाले होते, राहू द्या, आत शांत आहे.
त्यानंतरही त्यांनी वीस उन्हाळे
तोंडाला ओला पंचा बांधून बाटल्या भरल्या.

हे आत जाण्यासाठी आहे, मी म्हटलं,
आणि आटवलेला सोडा, साखर घालून,
चमच्या चमच्यानं ओतला.
भोकं प्यायली.
काही लगेच, काही विचार करून.
एक तर भरेचना, मी ओततेय, ओततेय,
शेवटी कळलं, तिथे दाभण आरपार गेलंय
आणि खाली ताटात नारिंगी तळं झालंय.

वहिनींच्या फ्रीजमध्ये तीन तास,
त्यातला एक लाइट गेल्यात गेला.

संध्याकाळी झोक्यावरून पोरी आल्या,
गौराईची गाणी अजून घशात.
आप्पांना साखर वर्ज्य. तरी ताट पुढे ओढलं.
खाल्लं नाही आधी.
वाकून केकला कान लावला,
जसा ते बाटलीला लावायचे,
डोळे मिटून, आमच्यावर गप्पचा हात उगारून.

सगळे थांबलो. आईसुद्धा, उलथनं हातात.

‘गॅस नही,’ ते म्हणाले.
मग बोटाला लागलेलं चाटलं.
‘पन रंग मनाच शे.’

रात्री मी ती बाटली विसळली,
उलटी केली, गोळी मानेशी येऊन टकटकली.
क्रेटमध्ये तिची जागा रिकामी होती.
लगेच ठेवली नाही.