किती टक्के?

मंगळवारी साडेदहाला, ब्रेमरहाफेनच्या
जुन्या मासळी-गोदामाच्या दुसऱ्या मजल्यावर
आम्ही बसतो. खुर्च्या नालासारख्या मांडलेल्या,
कारण समोर पडदा असतो.

विबके पडद्यावर एक रेघ दाखवते.
एकच. वाकडी.
हे काय आहे? आणि किती टक्के खात्री?

हाइनो रेघ पुरती उमटायच्या आत लिहितो :
पाणबुडी. शंभर.
पाणबुडीवर त्याने कधी पाय ठेवला नाही,
पण ती त्याला चौदा वर्षं ओळखते.

डोर्टे म्हणते, बदक. चाळीस. नको, पस्तीस.
डोर्टे सगळ्यालाच पस्तीस देते,
स्वतःच्या नावालासुद्धा.

मी क्रेन चालवायचो, वर, काचेच्या खोलीत.
कंटेनरवरचे आकडे माझ्याशी बोलू लागले
तेव्हा मला कुणी विचारलं नाही, किती टक्के.
विचारलं असतं तर हसलो असतो.
सकाळ झालीय, याची कुणी टक्केवारी काढतं?

दुसरी रेघ. तिसरी.
पाणबुडीला मूठ फुटते.
पाचव्या रेघेला सगळ्यांना कळतं : इस्त्री.
"पाणबुडीच होती," हाइनो म्हणतो,
"तुम्ही मध्येच बदललीत."
आम्ही हसतो. तोही हसतो, जरा उशिरा.

सुतावरून स्वर्ग सगळेच गाठतात, विबके म्हणते,
तुमची शिडी खालून कुणी धरली नव्हती, इतकंच.
आणि फळ्यावर आजची तारीख चुकीची लिहिते.

मग लक्षात येतं, नुरजानची खुर्ची रिकामी आहे.
दहा पन्नास.
ती कधी उशीर करत नाही. तिळाची कडी-पावं आणते,
पिशवी गरम असते, आधी वास येतो, मग ती.

"गेली ती," डोर्टे म्हणते. "नव्वद."
पस्तीसवाली डोर्टे.
"उचलून नेली," हाइनो.
मी काही बोललो नाही. मला माहीत होतं :
मागच्या वेळी मी तिच्या कोटाला हसलो होतो.
विबकेने टेबलाखाली फोन बघितला.
आम्ही ते बघितलं.

तेव्हा लासे बोलला,
जो अकरा आठवडे फक्त चहा ढवळत होता :
"रेघा किती दिसल्यात आपल्याला?"

मोजल्या. खुर्ची. घड्याळ.
दोन.

विबकेने करकरत्या पेनने फळ्यावर लिहिलं,
आणखी काय असेल, सांगा :
बस. दाढदुखी. झोप. मुलाची शाळा.
"कंटाळा," लासे म्हणाला. "मलाही येतो."
आणि पुन्हा चहा ढवळू लागला.

अकरा पंचवीसला नुरजान आली, धापा टाकत.
पूल उघडला होता, म्हणाली, जहाज जात होतं.
"पाणबुडी?" हाइनोने विचारलं.
"वाळूचा पडाव."
हाइनोने वहीत काहीतरी लिहिलं, तळहाताने झाकून.
पावं गार झाली होती. सगळी संपली.
कोटाबद्दल मी विचारलं.
"कुठला कोट?" ती म्हणाली.

परत जाताना बंदराच्या कुंपणाशी
एक निळा कंटेनर. शेवटचे चार आकडे
आई गेली ती तारीख.
छाती जुन्या वाटेने धावत सुटली.

किती टक्के?
अठ्ठ्याऐंशी.

दुसरी रेघ दिसेपर्यंत उभा राहिलो.
वारा होता. एक बाई कुत्र्याला ओढत गेली,
तिने कंटेनरकडे बघितलंही नाही.
त्याच्यामागे आणखी निळे होते, हिरवे होते,
सगळ्यांवर आकडे.

एक्क्याऐंशी.

बस आली. ती जाऊ दिली.
पुढची यायला बारा मिनिटं होती.