हरकत

नगर निगमच्या फॉर्मवर छापलंय: आपत्ति, यदि कोई हो.
हिंदीत ती नुसती हरकत.
आमच्या घरात आपत्ती म्हणजे पूर, पटकी,
मध्यरात्री वाजलेला फोन.
म्हणून पेन उघडून मी बराच वेळ बसले.

भिंतीवर नकाशा. ग्वाल्हेर स्टेशनवर कंपासाचं टोक रोवून
तोमर साहेबांनी गोल काढलाय,
आठशे मीटर, दहा मिनिटं पायी.
"माणसं घटणार, मॅडम. शहर असं पातळ पसरलं तर
नळ, बस, दिवा कुठकुठवर न्यायचा?
स्टेशनजवळ या. रुळाच्या कुशीत या."
(कुशीत हा शब्द माझा. ते "निकट" म्हणाले.)

दहा मिनिटं मी चालून पाहिली.
माझी सव्वीस झाली.
त्यातली सहा एका गॅरेजच्या पायरीवर,
पाने पुसणाऱ्या पोराने सरकून दिलेल्या जागेत.

ते चुकीचं बोलत नाहीत.
लष्करात आमच्या गल्लीत सतरा दिवे, चार उघडी दारं.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते
माझ्या एका बादलीसाठी, आणि कुंटे वकिलांच्या अर्ध्या.
शितोळ्यांची मुलं पुण्यात, जगदाळ्यांची सून टोरांटोत,
आणि मी भूगोल शिकवला त्या मराठी शाळेत
शेवटच्या वर्षी
हजेरी एका श्वासात संपायची.

छोटी गाडी होती तेव्हा
रूळच यायचा माणसांकडे.
मोतीझीलला कुणी हात केला तर ड्रायव्हर दम खायचा,
खिडकीतून पडलेली चप्पल
उतरून, पायात घालून, पुन्हा चढता यायचं.
गोल कुणी काढला नव्हता.

सूचनेच्या रकान्यात लिहिलं:
शंभर पावलांवर एक बाक, पाठ टेकेल असा.
झाडं आधी लावा, इमारती मागून.
आणि दारं समोरासमोर,
कुंट्यांचा खोकला रात्री ऐकू येईल
एवढ्या अंतरावर.
हे मीटरमध्ये किती होतं, मला ठाऊक नाही.

मग वरच्या रकान्यात
सवयीने लिहून गेले, हरकत नाही.
बाबू म्हणाला, "हिंदी में, अम्मा.
लिखिए, कोई आपत्ति नहीं."

तीन शब्द.
पण अशी हमी, सहीनिशी, तारखेनिशी,
या वयात कुणी कशी द्यावी?

माझ्या मागे रांगेत कुणीच नव्हतं.
तरी बाबू म्हणाला,
जल्दी कीजिए.