दृश्यमानता

पाण्याची टाकी : चारशे मीटर.
शाळेचा झेंडा : नऊशे.
सिमेंट कारखान्याचं धुराडं : अडीच किलोमीटर.
टेकडीवरचा पॅगोडा : अकरा.
आणि पश्चिमेला थायहांग डोंगराची कड,
हवा धुतलेली असेल तर,
चाळीस.

तीस हिवाळे मी हेच केलं.
सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ,
हवामान केंद्राच्या गच्चीवर चढायचं,
डोळे किलकिले करायचे
आणि वहीत लिहायचं, कुठवर दिसतं.
खाली सही, मियाव शुछिन.

आता त्या गच्चीवर एक यंत्र आहे.
ते किरण सोडतं आणि आकडा देतं, त्याला पडसं होत नाही.
मी निवृत्त. तरी आठ वाजले की पाय शिडी शोधतात,
घराच्या धाब्यावर, मक्याच्या कणसांमधून वाट काढत.
आज टाकी दिसते.
झेंडा आहे असं समजायचं.
पुढे सगळं दुधाचं भांडं विसळलेल्या पाण्यासारखं.

मुलगा फोनवर विचारतो,
आई, धुराडं तर बंद झालं ना?
झालं. त्याच्या तोंडावर गवत उगवलंय.
कोळशाच्या शेगड्या गेल्या, भिंतीवरून गॅसची पिवळी नळी आली,
पहिले दोन हिवाळे तर पॅगोडा इतका जवळ सरकला
की मजले मोजता यायचे.
मग?
मग वारा, बाळा.

वायव्येचा वारा.
तिकडे सायबेरियात थंडी साचत जायची,
रांजण काठोकाठ भरावा तशी,
आणि एका रात्री रांजण कलंडायचा.
दारं आपटायची, दातांखाली गोबीची रेती,
ओठ उलायचे. सासूबाई त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या.
आणि सकाळी, चाळीस!
डोंगराची घळ न् घळ.
आम्ही शिव्या देत होतो
आणि तो झाडलोट करत होता.

उत्तरेचा बर्फ पातळ झालाय म्हणतात.
रांजण उशिरा भरतो, कधी भरतच नाही.
वरची हवा ऊबदार, खालची गार,
झाकण घट्ट बसतं
आणि आत आम्ही.
केंद्रावरचा नवा मुलगा, फू काय, म्हणतो, काकू, नक्की नाही सांगता येत.
संगणकाची काही भाकितं म्हणतात वारा मंदावेल,
काही म्हणतात, तितका नाही.
माझ्या जुन्या वह्या तो मागून घेऊन गेला.
परत करताना म्हणाला,
शेवटच्या वह्यांत तुम्ही "शांत" फार वेळा लिहिलंय.
शांत म्हणजे वारा शून्य.
मी लिहीत गेले होते. मोजलं नव्हतं.

रात्री शेजारचा गंग म्हातारा मक्याची बुरकुंडं जाळतो.
गावच्या कर्ण्यावरून रोज बजावतात, जाळू नका.
पण गॅस महाग, आणि त्याचे ते गुडघे.
मला वास येतो. मी कुणाला सांगत नाही.
पूर्वी असला धूर भिंत ओलांडून, गव्हाची शेतं ओलांडून
बोहायच्या समुद्राकडे निघून जायचा,
आपण काही केलंच नाही असं वाटायचं.
इतकी वर्षं वारा आमचे अपराध पोटात घालत होता.
आता ते आमच्याच छातीत.
त्याचे त्याच्या, माझे माझ्या,
आणि नातीच्या छातीत ते कुणाचे
ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

नाननान शिडी चढून वर येते, नाकापर्यंत मास्क.
आजी, पॅगोडा नाहीये?
मी तिला वहीचा नियम सांगते,
"नाही" असं कधी लिहायचं नसतं.
"दिसत नाही" लिहायचं.

मग ती हातमोजा काढते,
बोट ओलं करून वर धरते, मी शिकवलं तसं.
कुठली बाजू गार लागते?
ती बराच वेळ थांबते.
बोट फिरवून पाहते.
सगळीकडून सारखंच, म्हणते.

आठ वाजून चार मिनिटं.
शांत.
चारशे मीटर.